देवदूतत्व, देवदूतपण, देवमाणूस: कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे: 'देवदूतत्व' हा शब्द मराठीत चालतो का, त्याचा नेमका अर्थ काय, 'देवदूतपण' आणि 'देवदूतपणा' यांत फरक काय, आणि एखाद्या भल्या माणसाच्या स्वभावाबद्दल लिहिताना यांतला कोणता शब्द घ्यावा?

आधी थेट उत्तर. शब्द चालतो, घडणीत काही खोट नाही. पण त्याचा अर्थ 'देवदूत असणं' एवढाच आहे, 'देवदूतासारखं चांगलं असणं' असा नाही. धर्मशास्त्रावरचा लेख, बायबलवरचं भाष्य, इस्लामी तत्त्वज्ञानाचा अनुवाद अशा ठिकाणी तो नेमका बसतो. शेजारच्या काकूंच्या मायाळूपणाबद्दल लिहिताना तो वापरला की वाक्य लाकडी होतं. तिथे मराठीत 'देवमाणूस' आहे, आणि त्याच्या तोडीचा शब्द बाहेरून आणायची गरज नाही.

हा फरक का पडतो ते शब्द सोडवून पाहिलं की कळतं. 'देवदूत' हा षष्ठी तत्पुरुष: देवाचा दूत. 'दूत' म्हणजे निरोप घेऊन जाणारा. राजदूत, शांतिदूत, रामदूत, यमदूत, विष्णुदूत ही सगळी एकाच माळेतली मणी. यांत पहिलं पद कोणी पाठवलं किंवा कशासाठी पाठवलं ते सांगतं, दुसरं पद काम सांगतं. दूताचा स्वभाव कसा आहे, तो कशाचा बनला आहे, याबद्दल शब्दात चकार नाही. अजामिळाच्या कथेत विष्णुदूत आणि यमदूत समोरासमोर येतात, वाद घालतात. दोघंही आपापल्या धन्याचं काम करत असतात. यमदूत कामचुकार नाहीत की दुष्टही नाहीत. आपल्याला त्यांची भीती वाटते ती त्यांना पाठवणाऱ्यामुळे.

जगातल्या इतर भाषांतही हेच. हिब्रूतला 'मलआख', ग्रीकमधला 'अँगेलोस' आणि फारसीतला 'फरिश्ता' या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ 'निरोप्या' किंवा 'पाठवलेला' असाच आहे. ग्रीकमध्ये तर निरोप घेऊन आलेल्या साध्या माणसालाही 'अँगेलोस' म्हणत. लॅटिन धर्माचार्य ऑगस्टीन (३५४ ते ४३०) यांनी स्तोत्रांवरच्या प्रवचनात ही गाठ फार स्वच्छ सोडवली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: हे नाव कामाचं आहे, स्वरूपाचं नाही. स्वरूप विचाराल तर आत्मा, काम विचाराल तर दूत.

म्हणजे 'देवदूतत्व' या शब्दात एक अंगभूत अडचण आहे. हुद्द्याच्या नावाला भाववाचक प्रत्यय लावून आपण त्यातून स्वरूप काढू पाहतो. 'तलाठीपण' म्हटल्यावर त्यातून तलाठ्याचा स्वभाव जेवढा कळेल, तेवढंच मूळ शब्दातून कळतं. बाकीचा अर्थ परंपरेनं भरलेला आहे, आणि परंपरा बदलली की तो भरणाही बदलतो. म्हणून मजकूर कोणत्या परंपरेतला आहे हे पाहिल्याशिवाय प्रतिशब्द ठरवू नये.

लेखन: तीन हमखास चुका

पहिली चूक 'देवदूतत्त्व'. तत्त्व, सत्त्व, महत्त्व या शब्दांत दोन 'त' येतात, कारण तिथे मूळ शब्द व्यंजनान्त आहे: तत् + त्व, सत् + त्व, महत् + त्व. 'दूत' अकारान्त आहे. त्यामुळे त पूर्ण, मग त्व: दूत + त्व = दूतत्व. देवत्व, मनुष्यत्व, स्त्रीत्व यांच्याच पंगतीतला.

दुसरी चूक उलट दिशेची: 'देवदूत्व'. इथे एक त गिळला जातो. याचं कारण उच्चारात आहे. मराठीत 'दूत' बोलताना शेवटचा अ जवळजवळ ऐकूच येत नाही, आपण 'दूत्' म्हणतो. पुढे 'त्व' आला की जीभ दोन्ही त एकत्र करते आणि कान एकच त लिहायला सांगतो. याच कारणासाठी हा शब्द मोठ्यानं वाचायच्या मजकुरात, म्हणजे भाषणात, नाटकात, प्रवचनात टाळलेला बरा.

तिसरी चूक सामान्यरूपातली. फूल–फुलाचा, मूल–मुलाचा या सवयीनं 'देवदुताचा', 'देवदुतांनी' असं लिहिलं जातं. उपान्त्य दीर्घ ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व करायचा हा नियम तत्सम शब्दांना लागू नाही. दूत तत्सम आहे, म्हणून दूताचा, देवदूतांनी, देवदूतासारखा. दू सर्वत्र दीर्घच.

त्व, ता, पण, पणा, की

संस्कृतात भाव दाखवणाऱ्या दोन मुख्य प्रत्ययांचं सूत्र पाणिनीनं एका दमात दिलं आहे: 'तस्य भावस्त्वतलौ' (५.१.११९). त्व लावला की नपुंसकलिंग, तल् म्हणजे ता लावला की स्त्रीलिंग. मग 'देवदूतता' का नको? व्याकरणाची हरकत नाही, पण मराठीत 'ता' विशेषणांना सहज चिकटतो (पवित्रता, नम्रता, सुंदरता) आणि नामांना क्वचित (मानवता, मित्रता). गंमत म्हणजे 'देव' ला 'ता' लावून जो शब्द झाला, तो 'देवता', तो भाववाचक राहिलाच नाही. 'देवपणा' असा अर्थ न होता त्याचा अर्थ 'देव' असाच झाला, आणि पाणिनीनं त्यासाठीही 'देवात्तल्' असं वेगळं सूत्र ठेवलं आहे. 'देवदूतता' वाचताना वाचक अडखळतो, त्यात या 'देवता'चाही हात असावा.

आता मराठी प्रत्यय. 'पण' नपुंसकलिंगी, 'पणा' पुल्लिंगी, आणि सामान्यरूप दोघांचं सारखंच: देवदूतपणाला, देवदूतपणाचा. म्हणून बहुतेक वाक्यांत फरक दिसतच नाही. तो उघडा पडतो प्रथमेत: देवदूतपण आलं, पण देवदूतपणा आला. अर्थच्छटा मात्र वेगळ्या. 'पण' अवस्था सांगतो: बालपण, आईपण, म्हातारपण, माणूसपण, देवपण. 'पणा' बहुतेक वेळा वागणं सांगतो, आणि ते वागणं पुष्कळदा खटकणारं असतं: मूर्खपणा, आगाऊपणा, हावरटपणा. चांगुलपणा, भोळेपणा असे अपवाद भरपूर आहेत. शहाणपण आणि शहाणपणा ही जोडी ऐका. 'त्याच्याकडे शहाणपण आहे' ही स्तुती, 'शहाणपणा करू नकोस' ही तंबी.

हाच नियम इथे लावा. 'देवदूतपण' म्हणजे देवदूत असण्याची अवस्था, गंभीर सुरात. 'देवदूतपणा' म्हणजे देवदूत असल्यासारखं वागणं, आणि त्यात किंचित टोमणा येतो. 'त्या एका रात्रीनंतर गावानं बहाल केलेलं देवदूतपण त्याला पेलवेना' हे वाक्य सरळ आहे. 'पुरे झाला तुझा देवदूतपणा' हे भांडणातलं आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण अदलाबदल केली तर दोन्ही बिघडतात.

'माणुसकी'च्या धर्तीवर की-प्रत्यय लावायचा मोह होतो, कारण माणूसपण आणि माणुसकी यांच्यात जो फरक आहे तोच इथे हवा असतो: एक जन्मानं मिळतं, दुसरं वागण्यातून दिसतं. पण 'देव' ला 'की' लावला की थेट कृष्णाची आई उभी राहते, आणि 'देवदूतकी' कोणी म्हणत नाही. 'देवदूतगिरी' मात्र थट्टेत ऐकू येते आणि थट्टेपुरती ती चोख आहे. 'दौत्य' हा संस्कृत शब्दही हाताशी आहे, पण तो दूताच्या कामाचा: मध्यस्थी, निरोप पोहोचवणं. 'देवदौत्य' लिहिलं तर देवाच्या वतीनं केलेली वाटाघाट असा अर्थ होईल.

'नेचर'चं काय करायचं

हा शब्द शोधणारे बहुतेकजण 'एंजेलिक नेचर' या इंग्रजी जोडशब्दावरून आलेले असतात. अर्धी चूक 'एंजेलिक'पाशी होत नाही, 'नेचर'पाशी होते. त्याचे मराठीत किमान चार मार्ग आहेत.

प्रकृती: इथे नको. 'देवदूताची प्रकृती' म्हटल्यावर मराठी माणूस पुढे 'आता बरी आहे का?' असं विचारेल. सांख्य तत्त्वज्ञानाच्या संदर्भात तर प्रकृतीला स्वतंत्र, जड असा अर्थ आहे, जो देवदूतांच्या नेमका उलट जातो.

स्वभाव: माणसाबद्दल असेल तर ठीक. तत्त्वज्ञानाच्या मजकुरात 'देवदूतांचा स्वभाव' म्हटलं की ते तापट आहेत की शांत, अशी चर्चा सुरू होणार असं वाटतं.

स्वरूप: धर्मशास्त्रासाठी हा सर्वांत सुरक्षित. 'देवदूतांचं स्वरूप' म्हणजे ते मुळात काय आहेत. 'देवदूतत्व' आणि 'देवदूतस्वरूप' यांत पुष्कळदा दुसरा जास्त कळतो.

वृत्ती: माणसाच्या मनाचा एक कल म्हणून बोलायचं असेल तेव्हा. 'देवदूतवृत्ती', किंवा पशुवृत्तीच्या जोडीला 'देववृत्ती'. ही जोडी मराठीत आधीपासून रुळलेली आहे.

देवदूतासारखा म्हणजे नक्की कसा?

आज 'देवदूतासारखा' म्हटलं की दयाळू, वेळेला धावून येणारा असा अर्थ आपण गृहीत धरतो. जुन्या ग्रंथांत हा अर्थ जवळजवळ नसतोच, आणि अनुवादात सगळ्यात जास्त पडझड इथे होते.

जुन्या करारात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १४) एक शहाणी स्त्री दावीद राजाला देवाच्या दूतासारखा म्हणते. कशासाठी? बरं-वाईट पारखण्याच्या बुद्धीसाठी. तिथे दयेचा प्रश्न नाही, अकलेचा आहे. नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांत (६:१५) न्यायसभेपुढे उभ्या असलेल्या स्तेफनाचा चेहरा देवदूताच्या चेहऱ्यासारखा दिसला असं आहे. तिथे तेज आहे. त्याला 'गोंडस' किंवा 'निरागस' करून टाकणारा अनुवाद प्रसंगाची धार घालवतो, कारण पुढच्याच अध्यायात तो त्याच सभेला खडे बोल सुनावतो. लूकच्या शुभवर्तमानात (२०:३६) पुनरुत्थान झालेले लोक देवदूतांसमान असतील असं येतं. तिथला ग्रीक शब्द 'इसांगेलोई' नव्या करारात या एकाच ठिकाणी आहे, आणि त्याच वाक्यात खुलासाही आहे: ते मरू शकत नाहीत. आधीच्या ओळीत ते लग्न करत नाहीत असंही आहे. म्हणजे इथे देवदूतपण म्हणजे मरण नसणं. चांगुलपणाचा काही संबंध नाही.

कुराणात सूरा यूसुफमध्ये (१२:३१) यूसुफला पाहून स्त्रिया उद्गारतात की हा माणूस नव्हेच, हा तर कोणी थोर फरिश्ता. तिथे रूप आहे.

बुद्धी, तेज, अमरत्व, रूप. चार ठिकाणी चार अर्थ, आणि चारही ठिकाणी तुलना मात्र देवदूताशीच. म्हणून सोपी पद्धत अशी: 'देवदूतासारखा' लिहिण्याआधी 'कशात?' असा प्रश्न मजकुराला विचारा. मजकूर स्वतः उत्तर देत असेल तर उपमा तशीच ठेवा. उत्तर वाचकाच्या अंदाजावर सोडलं असेल आणि तो अंदाज चुकण्याची शक्यता असेल, तर गुणाचं नाव वाक्यात घाला: 'देवदूतासारखा बुद्धिमान', 'देवदूतासारखं तेजस्वी मुख'.

एक ठिकाण खास जपून. इब्री लोकांस पत्रात (२:१६) जो मजकूर आहे, त्याच्या १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात ख्रिस्तानं 'देवदूतांचं स्वरूप' धारण केलं नाही असा आशय आहे. मूळ ग्रीकमध्ये 'स्वरूप' हा शब्दच नाही. तिथलं क्रियापद धरणं, हाताला धरणं या अर्थाचं आहे, आणि आजची बहुतेक भाषांतरं 'तो देवदूतांच्या साहाय्याला येत नाही, अब्राहामाच्या वंशाच्या येतो' अशा अर्थानं जातात. जुन्या इंग्रजीवरून मराठी करणाऱ्यानं तिथे 'देवदूतत्व' घातलं, तर मुळात नसलेला एक सिद्धान्त मराठीत तयार होतो.

देवदूतत्व असूनही दुष्ट

'देवदूतत्व' म्हणजे चांगुलपणा नव्हे याचा पक्का पुरावा सैतान आहे. ख्रिस्ती शिकवणीत सैतान हा पतित देवदूत. त्यानं कृपा गमावली, स्थान गमावलं, पण त्याचं मूळ स्वरूप बदललं नाही. तो अजूनही देहरहित, बुद्धिमान आत्माच आहे. त्यामुळे 'सैतानानं बंड केलं, तरी त्याचं देवदूतत्व नष्ट झालं नाही' हे वाक्य ख्रिस्ती धर्मशास्त्रात अगदी बरोबर आहे. त्यातला शब्द बदलून 'सैतानाची देवदूतासारखी सात्त्विकता नष्ट झाली नाही' असं केलं, तर वाक्याचा अर्थच उलटतो. हा मोह होतो, कारण 'सात्त्विकता' कानाला गोड लागते.

मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) यांच्या मते देवदूतांना देह नसल्यानं एका जातीत अनेक देवदूत संभवत नाहीत, प्रत्येक देवदूत ही स्वतंत्र जात. त्यांच्या मजकुरात 'देवदूतजात' असा शब्द एकवचनी वापरलात तर त्यांच्याच विरोधात जाल. 'देवदूतत्व' तिथे सगळ्यांना व्यापणारा शब्द म्हणून उपयोगी पडतो. ख्रिस्ती परंपरेत देवदूतांचे नऊ गण मानतात. त्यांपैकी मराठी वाचकाला करूब, सराफीम आणि आद्यदेवदूत एवढे तरी ओळखीचे असतात. बाकीची नावं दिलीत तर प्रत्येकापुढे एक ओळ खुलासा द्या.

इस्लाममध्ये मांडणी वेगळी आहे. फरिश्ते प्रकाशापासून, जिन्न अग्नीपासून निर्माण झाले. फरिश्ते आज्ञा मोडत नाहीत (कुराण ६६:६), आणि इब्लीस, म्हणजे इस्लाममधला सैतान, जिन्नांपैकी होता असं कुराणात (१८:५०) आहे. त्यामुळे वरचं ख्रिस्ती वाक्य इस्लामी मजकुरात जसंच्या तसं उचलता येत नाही. इथे फरिश्त्याच्या स्वरूपातच आज्ञाधारकपणा आहे, म्हणून 'देवदूतत्व' आणि 'निर्दोषपणा' एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

याच परंपरेत देवदूतस्वरूपाला एक नेमका पारिभाषिक शब्द आहे: मलकीयत. दिल्लीचे इस्लामी विचारवंत शाह वलीउल्लाह (१७०३ ते १७६२) यांनी माणसात दोन शक्ती मानल्या. वर ओढणारी मलकी आणि खाली ओढणारी बहिमी, म्हणजे पशूची. इथे देवदूतत्व हा माणसाचाच एक अंश झाला. मराठीत 'देववृत्ती आणि पशुवृत्ती' ही जोडी इथे इतकी नेमकी बसते की 'देवदूतत्व आणि पशुत्व' असं लिहिण्याचं कारण उरत नाही. फक्त पहिल्यांदा आला तिथे मूळ शब्द एकदा द्यावा.

आणि इथेच एक खड्डा. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे मलकीयत म्हणजे देवदूतत्व आणि मिल्कीयत म्हणजे मालकी हे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. घाईत वाचणारा 'माणसाची मालकी आणि पशुता' असं काहीतरी करून बसतो. मलक (फरिश्ता), मलिक (राजा) आणि मालिक (धनी) यांतही स्वरांचाच फरक. मलिक अंबरमधला मलिक सरदारकीचा आहे, स्वर्गातला नव्हे. आपले मालक, मालकी, मुलूख हे 'म-ल-क' धातूचे. फरिश्ता या अर्थाचा मलक मात्र अरबी कोशकार सहसा निरोप पाठवणं या अर्थाच्या दुसऱ्याच धातूकडे नेतात. म्हणजे तिथेही पुन्हा दूतच.

मराठीतला 'फिरस्ता' तर यातला कोणीच नाही. तो फिरण्यावरून आला. मुद्रितशोधक 'फरिश्ता'चा 'फिरस्ता' करतात आणि स्वर्गातला दूत गावोगाव भटकू लागतो. विजापूर दरबारच्या इतिहासकाराचं नाव फरिश्ता, फिरिश्ता, फेरिस्ता अशा रूपांत छापलेलं सापडतं. एका पुस्तकात एकच रूप ठेवा.

आपल्याकडचा देवदूत

'देवदूत' हा शब्द ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठीत आणला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. महाभारतात वनपर्वात मुद्गल ऋषीला स्वर्गात न्यायला विमान घेऊन देवदूत येतो. मुद्गल त्याला स्वर्गाचे गुणदोष विचारतो, दूत दोन्ही प्रामाणिकपणे सांगतो, आणि दोष ऐकून मुद्गल स्वर्ग नाकारतो. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरकाच्या वाटेनं नेणाराही देवदूतच. दोन्ही ठिकाणी तो आज्ञेचा ताबेदार आहे. त्याचं स्वरूप काय, याची चर्चा नाही. ती चर्चा हवी असेल तर आपल्या परंपरेत ती दूताभोवती नाही, देव, गंधर्व, यक्ष या योनींभोवती आहे.

पाली साहित्यातला देवदूत तर आणखी वेगळा. मज्झिमनिकायातल्या देवदूतसुत्तात (क्रमांक १३०) यम मेलेल्या माणसाला विचारतो, तुला देवदूत दिसले नाहीत का? आणि ते पाच देवदूत कोण? तान्हं मूल, जख्ख म्हातारा, रोगी, शिक्षा भोगणारा अपराधी आणि प्रेत. इथे देवदूत म्हणजे डोळ्यांसमोरचा इशारा. बौद्ध मजकुरात 'देवदूतांचं दर्शन' असं आलं आणि अनुवादकानं पंखवाली आकृती डोळ्यांपुढे आणली, तर सगळं मुसळ केरात.

आणि स्वभावाच्या अर्थी जे हवं असतं, ते गीतेच्या सोळाव्या अध्यायात तयार आहे: दैवी संपद. पहिल्या तीन श्लोकांत अभयापासून सुरुवात करून सव्वीस गुण मोजले आहेत, आणि ज्ञानेश्वरीत या अध्यायावर ज्ञानेश्वरांनी हात न आखडता लिहिलं आहे. चारित्र्याच्या अर्थानं 'एंजेलिक नेचर' मराठीत आणायचं असेल, तर गंभीर लेखनात 'दैवी गुण' किंवा 'दैवी संपदा' हा माझ्या मते पहिला पर्याय. 'दैवी संपत्ती' लिहिलं तर आजचा वाचक क्षणभर पैशाकडे जातो. शिवाय 'दैवी' एकटा सोडू नका. दैव म्हणजे नशीब हा अर्थ त्याला चिकटलेला आहे, आणि 'दैवी योग' म्हणजे योगायोग होऊन बसतो.

विशेषणं आणि त्यांचे सापळे

देवदूतासारखा, देवदूतासमान, देवदूततुल्य ही तिन्ही रूपं बिनधोक, चढत्या क्रमानं ग्रांथिक. 'देवदूतीय' फक्त शास्त्रीय लेखनात. 'देवदूती' मात्र टाळा. सरकारी, शहरी या धर्तीवर ते विशेषण वाटलं, तरी 'दूती' हा काव्यशास्त्रातला नायिकेचा निरोप नेणाऱ्या सखीचा शब्द आहे, आणि 'देवदूती हास्य' वाचून जाणकार वेगळंच हसेल. स्त्रीबद्दल लिहितानाही 'देवदूत' पुल्लिंगीच ठेवा आणि क्रियापद किंवा विशेषण स्त्रीप्रमाणे चालवा: 'परिचारिका देवदूत ठरली', 'ती देवदूतासारखी धावून आली'.

'स्वर्गीय' हा मोठा सापळा. 'स्वर्गीय सूर' चालतो, कारण सुराला मरण नाही. 'स्वर्गीय गायिका' म्हटलं की लोक हळहळतात. 'देवाघरचं फूल' लहान मुलाबद्दल सुंदर, पण 'देवाघरी गेलेलं फूल' म्हणजे घात. गळ्याबद्दल 'गंधर्वाचा गळा', लहान मुलीच्या रूपाबद्दल 'परीसारखी', हसण्याबद्दल 'निरागस'. अप्सरेला यात आणू नका. तिच्या रूपात तपोभंगाचा इतिहास आहे.

गुंतवणुकीतला 'एंजल', म्हणजे नव्या उद्योगाला सुरुवातीचे पैसे देणारा, तसाच ठेवा. 'देवदूत गुंतवणूकदार' लिहिलं की वाचक सावध होतो, कारण पैसे देणारा देवदूत त्याच्या अनुभवात बसत नाही.

आता एक वाक्य जवळून पाहू. अनुवादात असं वाक्य नेहमी येतं:

'तिच्या देवदूतत्वामुळे सर्व रुग्णांना दिलासा मिळाला.'

व्याकरण शुद्ध आहे, तरी वाक्य मेलेलं आहे. पहिलं कारण: 'देवदूतत्वामुळे' म्हटल्यावर ती खरोखर देवदूत आहे असा दावा होतो, उपमा उरत नाही. दुसरं: दिलासा तिच्या असण्यामुळे मिळाला की तिनं काही केलं म्हणून, ते कळत नाही. तिसरं: 'मिळाला' मुळे कर्ता गायब झाला.

पहिली दुरुस्ती, उपमा परत आणा: 'ती देवदूतासारखी वागली, त्यामुळे सर्व रुग्णांना दिलासा मिळाला.' बरं, पण 'कशात?' हा प्रश्न शिल्लक. दुसरी दुरुस्ती, कृती घाला: 'रात्ररात्र ती रुग्णांच्या उशाशी बसे. त्यांना ती देवदूतच वाटायची.' आता 'देवदूत' रुग्णांच्या तोंडून आला, म्हणून खरा वाटतो. मजकूर बोलीभाषेतला असेल तर आणखी एक पाऊल: 'बाई म्हणजे देवमाणूस. रात्ररात्र उशाशी बसायची.' इथे 'देवमाणूस' स्त्रीबद्दलही सहज चालतो, 'देवबाई' करायची गरज नाही.

'देवमाणूस'चं भाववाचक 'देवमाणूसपण' होतं, पण ते क्वचितच लागतं. मराठी बोलणारा गुणाचं नाव घेण्यापेक्षा माणसाकडे बोट दाखवतो. भाववाचक लागलंच तर 'देवपण' आहे, आणि 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' या म्हणीमुळे त्यात कमावलेपणाचा अर्थ मुरलेला आहे. एखाद्यानं कष्टानं, सोसून मोठेपण मिळवलं असेल तिथे 'देवपण' घ्या. न सोसता, जन्मतःच कोणी तसं असेल तर म्हण आडवी येते. मग 'मुळातच देवमाणूस' असं सरळ लिहा.

मथळ्यांतला 'ठरला देवदूत' हा वाक्प्रयोग वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. त्याचा जुळा भाऊ 'ट्रक ठरला यमदूत' त्याच पानावर असतो, तेव्हा तर दोन्ही दूत एकाच कार्यालयातून निघाल्यासारखे वाटतात. मथळ्यात जागा असेल तर माणसानं काय केलं ते लिहा: 'बस चालकानं पुरातून अकरा जणांना काढलं'. जागा नसेल तर 'देवदूत' चालेल, पण मग बातमीच्या पहिल्या ओळीत पुन्हा तोच शब्द नको.